कुजत नाय

"घरातली बहुवारिकाची एक वस्तू आणा,"
मुकादम बाई म्हणाल्या, आणि फळ्यावर
सहा माणसं काढली, नुसती रेघांची,
एकाचा हात दुसऱ्याच्या हातात.
"एकटा तो एकवारिक.
असे हजारो हात धरून उभे राहिले, की बहुवारिक."
रांग फळ्याच्या कडेला पोचली,
तिथून पुढे त्यांनी भिंतीकडे नुसतं बोट केलं.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या पिशव्याच बावीस आल्या.
फैजानने कुकरचं हँडल आणलं, स्क्रू काढून.
डाळ शिजायची राहिली,
हे त्याच्या आईला बाराला कळलं.
मी आणला वीतभर जाळ्याचा तुकडा.
त्यात एक सुकं खवल अडकलेलं.
वासाने अख्खा बाक माझ्यापासून सरकला.

तुकडा दिला धर्माजी काकाने,
वेसाव्याच्या बंदरावर, दिव्याखाली,
पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून
फाटकी घरं भरता भरता.
दोरीचं टोक त्याने लायटरवर धरलं.
टोक वितळलं, त्याचा मणी झाला,
आता दोरी उसवणार नाही.
मग पेटीच्या तळातून काढलं
त्याच्या बापाचं सुताचं जाळं,
झाडाची साल उकळून तांबडं केलेलं.
त्याचा एक धागा पेटवला.
भुरकन जळाला. चिमूटभर राख.
"सूत जळतं, कुजतं.
ह्ये कुजत नाय, पोरी."

हे मी वर्गात सांगितलं, तर बाई खडू ठेवून
माझ्याच बाकावर येऊन बसल्या.
वितळतं, थंड झालं की पुन्हा घट्ट होतं, ते उष्मामृदू.
फैजानचं हँडल उष्मादृढ,
एकदा घट्ट झालं ते झालं,
फार तापवलंत तर करपेल, वितळणार नाही.
धागा ओढताना आतल्या साखळ्या
प्रार्थनेला उभ्या राहिल्यासारख्या सरळ होतात,
शेजारच्या रांगेलाही धरून ठेवतात,
म्हणून हा केसाएवढा धागा
सुरमईचा झटका सोसतो.

"आणि तुझ्या काकांचं सूत?
तेही बहुवारिकच. साखरेच्या कणांची माळ.
फरक एवढाच, की ती माळ खाणारे जीव
पाण्यात, मातीत कधीपासून आहेत.
नायलॉनची चव त्यांना अजून कळलेली नाही."
मग माझी वेणी हातात घेऊन म्हणाल्या,
"यातले हात जसे जुळतात ना,
तसेच नायलॉनमधले जुळतात. एकाच जातीची गाठ."
सगळा वर्ग आपापले केस ओढून बघायला लागला.

मी मात्र गप्प होते.
मला आठवत होतं नारळी पुनवेनंतरचं जाळं,
बुडालेल्या बोटीच्या सांगाड्यात अडकलेलं,
काकाने कोयत्याने तोडून दिलेलं.
त्या रात्री तो ओट्यावर बसून होता.
मला वाटलं, पैशांचं दुःख.
"त्या जाल्याला म्हाईत नाय मी नाय ते," तो म्हणाला.
"अजून धरतंय. मासा अडकतो, मरतो, कुजतो,
त्याच्या वासाने दुसरा येतो.
जालं तसंच.
सुताचं असतं, तर दोन वरसात
सुटका झाली असती. त्यांची न माझी."

बाईंना मी एवढंच विचारलं,
ठरवलेल्या दिवशी हात सोडेल,
असं बहुवारिक असतं का?
त्या थोड्या थांबल्या. "करून बघतायत लोक.
पण ते धागे अजून तितके चिवट नाहीत,
मासे कमी मिळतात. आणि महाग पडतात."

संध्याकाळी काकाला हे जसंच्या तसं सांगितलं.
त्याने सुई दातांत धरली,
एक गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढली.
"किती महाग?" म्हणाला.
ते मी विचारलंच नव्हतं.

खवल अजून माझ्या कंपासपेटीत आहे.