नववा आकडा

महाप्यात रात्री साडेनऊला कॅन्टीनवाला शेगडी विझवतो.
मी अजून तिसऱ्या मजल्यावर, समोर ड्रायव्हर उघडा:
रबाळ्याच्या कारखान्यात गोळ्यांच्या पट्ट्या तपासणाऱ्या
कॅमेऱ्याच्या कार्डाचा.

जुन्या मशीनवर सात वर्षं कुरकुर नाही.
नवं आणलं, सोळा गिगाबाइट मेमरीचं,
आणि गेल्या मंगळवारी रिकाम्या खणाची पट्टी पास झाली.
पडद्यावर चित्र होतं भरलेल्या पट्टीचं,
तासाभरापूर्वीच्या.
शिफ्ट सांभाळणारे घरत फोनवर म्हणाले,
"मॅडम, कॅमेरा आंधळा नाही.
बघतो ते दुसरीकडंच कुठंतरी ठेवतो."
निदान त्यांनीच केलं. मला फक्त
ठिकाण शोधायचं होतं.

लॉगमध्ये पत्ता आठ आकडी:
तीन, एफ, चार, मग पाच शून्यं.
दोन दिवस मी त्यावर विश्वास ठेवला.
छापणाऱ्या ओळीला आठच आकडे येत होते;
ती खोटं बोलत नव्हती,
तोंडात मावेल तेवढंच बोलत होती.
खरा पत्ता नऊ आकडी. पुढचा एक
बत्तीस बिटांच्या डब्याच्या काठावरून सांडला.
एक म्हणजे केवढं?
चार गिगाबाइटचं अंतर.

कार्ड बिचारं इमानी. सांगितल्या दारात
चित्र टाकून मोकळं.
त्या दारामागे राहत होतं
लेबल छापणाऱ्या प्रिंटरचं पान,
म्हणून बॅच नंबराच्या जागी करडी वाळू.
घरतांनी ती लेबलं ठेवलीत जपून,
पिशवीत, तारीख घालून.

आमच्या घणसोलीतल्या घराला दोन पत्ते आहेत.
गावठाणातलं घर क्रमांक दोनशे चौदा,
आणि सिडकोच्या नकाशातला भूखंड,
ज्यात आमच्या ओट्यावरून रस्ता जातो.
विजेचं बिल पहिल्यावर येतं, नोटीस दुसऱ्यावर.
एकाचा आकडा दुसऱ्याच्या रांगेत शोधणारा
मोबाइल टॉवरखाली उभा राहतो
आणि फोन करतो, "ताई, पोचलो."
मला माहीत असतं, पोचलेला नाही.

मग मला तरी हे आधी दिसायला हवं होतं:
प्रोसेसर हाक मारतो तो पत्ता,
मेमरीच्या चिपवरचा पत्ता,
आणि कार्डाला बसवरून दिसतो तो,
तिघंही कागदावर नुसते आकडे,
पण एकमेकांच्या घरी राहत नाहीत.

ओळ लिहिणारे सुहृद लोटलीकर.
कंपायलरने तेव्हाच हटकलं असणार,
कंसातल्या एका शब्दाने त्याला गप्प केलंय.
वर टीप: तात्पुरतं, नंतर बघू.
मी चिडले. चहा गार होईपर्यंत चिडले.
मग तारीख पाहिली. तेव्हा टेबलावरच्या मशीनला
दोन गिगाबाइट असत.
त्यांच्या गावात नववा आकडा जन्मलाच नव्हता.

तरी एक गोष्ट माफ होईना.
कर्नलला सांगून ठेवलेलं, कार्ड चौसष्ट बिटांचं आहे,
दे कुठलाही पत्ता.
आणि कार्डाच्या अंगावर खरंच दोन खाने,
खालच्या अर्ध्याला एक, वरच्याला एक.
वरचा पहिल्या दिवसापासून कोरा.

प्रकार बदलला. कास्ट काढला.
तेवीस इशारे एकदम पडद्यावर,
सात वर्षं तोंड दाबलेल्या माणसासारखे.
एकेक वाचला. चौदा ओळी झाल्या.
वरच्या खान्यात पहिल्यांदा लिहिलं: एक.

पहाटे घरतांनी मुद्दाम रिकाम्या खणाची पट्टी सोडली.
मशीनने ती बाहेर फेकली.
"थप्पकन्," ते म्हणाले, आणि आवाज ऐकवायला
फोन पट्ट्याजवळ धरून दुसरी सोडली.

शेजारच्या वजनकाट्याचा ड्रायव्हर उघडून पाहिला.
तीच ओळ. तीच टीप.
तिथून अजून कुणाची तक्रार नाही.