शून्य बघा

ठाणे-बेलापूर रोडवर, महापेच्या पुलाअलीकडे
पंपावर दोन पाट्या आहेत.
पहिली आत शिरताना: हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही.
दुसरी मशीनला सुतळीने बांधलेली, हाताने लिहिलेली:
हेल्मेट काढा, तोंड दाखवा, मग पेट्रोल.
तोंडावरचा अनुस्वार कुणीतरी नखाने खरवडलाय,
त्यामुळे आता तिथे नुसती तोड मागतात.
ती माझ्याकडे नाही.

मी लिफ्ट दुरुस्त करतो.
ऐरोलीपासून उलव्यापर्यंत बावन्न इमारती,
आणि घरी, कोपरखैरण्याला, एका खोलीत पाच माणसं,
सहावा टीव्ही.
स्वतःची म्हणावी अशी एकच खोली माझ्या नावावर,
आयएसआय छापाची, सव्वा किलोची.
काच खाली ओढली की दार लागतं.
आत माझाच वास, माझाच श्वास,
सिग्नलला काय पुटपुटतो ते कुणाच्या बापाला कळत नाही.
साहेबाला शिव्या तिथेच.
वारलेल्या भावाशी, कळंबोलीच्या गाळ्यावरून,
अजून भांडतो तेही तिथेच.

"काढा दादा."

रात्रीचे साडेअकरा.
म्हटलं, टाकी मांडीखाली आहे, डोक्यात नाही.
मागचा रिक्षावाला हसला.
ती हसली नाही. खिशावर 'ह. मढवी' एवढंच,
नोझल खांद्याशी उभं धरलेलं, पोराला ढेकर काढायला धरतात तसं.
शंभरचं असो की हजाराचं, म्हणाली, आधी काढा.

मागच्या महिन्यापर्यंत तर चालत होतं, मी म्हटलं.

तेव्हा ती बोलली, पण माझ्याशी नाही,
मशीनलाच सांगत असल्यासारखी:

दोघं आले होते. काळी काच.
गल्ला मागितला. दिला.
तरी राजदेवच्या कानाखाली मारलंच, हेल्मेटनेच,
त्याला अजून डावीकडून आलेली गाडी ऐकू येत नाही.
चौकीत साहेब म्हणतात, चेहरा सांगा.
काय सांगू?
काचेत मीच दिसत होते.
दोन काचांत दोनदा मी, हात वर केलेली.
चित्र काढणारा पोरगा पेन्सिल घेऊन बसला होता,
त्याचा वेळ जाऊ नये म्हणून सांगत गेले,
नाक बसकं, कपाळाला टिकली,
तर त्यानं खोडरबर हातात घेतलं.

मागून हॉर्न.

मी बक्कल सोडलं.
हेल्मेट निघताना कान आधी दुमडतात, मग सुटतात.
घामाने चप्प केस, कपाळावर स्पंजची लाल घडी,
आणि आत चाललेलं भांडण
आवरायला वेळच न मिळाल्यामुळे तोंडावर तसंच पसरलेलं.
डोळे ओले आहेत हे हवा लागल्यावर कळलं.

तिने बघितलं.
पाचशेची नोट उजेडात धरून बघतात तसं,
तार आहे का, पाणी आहे का.
मला सवय नाही.
लिफ्टमध्ये माझ्याकडे कुणी बघत नाही,
सगळे आकडे बघतात.

मग ती म्हणाली,
"शून्य बघा."

बघितलं.

दोनशेचं पडेपर्यंत दोघंही त्या आकड्यांकडे बघत राहिलो.
हेल्मेट आरशाला लटकत होतं, आ वासून,
आणि दिव्याखालचे किडे
आत जाऊन, बघून, बाहेर येत होते,
खोली भाड्याने आहे का विचारत असल्यासारखे.

पुलाखाली हवालदार मोबाईल रोखून उभा असतो,
म्हणून पंपाच्या उतारावरच घाईत चढवलं. बक्कल लावलं. काच ओढली.

एक किडा आतच राहिला होता.
कोपरखैरण्यापर्यंत कानाशी भुणभुणत आला.
काच उघडली असती तर गेला असता.

भावाला म्हटलं, आज राहू दे रे,
घरात कुणीतरी आलंय.