उसनवार

ती आली तेव्हा मार्गशीर्ष नुकता लागला होता.
दिल्लीहून, पेटीत पेटी, पेटीत पेटी,
सोबत पांढऱ्या हातमोज्यांचे एक साहेब
आणि हवेतला ओलावा मोजायचं यंत्र.
ते माझ्या हाती दिलं. दर दोन तासांनी वहीत लिहायचं, बिडवे.
सव्वीस वर्षं या खुर्चीवर बसलो,
हवा लिहायला कुणी सांगितली नव्हती.

तिला ओळखत नाही असं घर नाही इंदुरात.
दोरीवर धुणं घालणारी, पाठमोरी,
डावी बांगडी कोपराकडे घसरलेली.
कॅलेंडरवर ती, मिठाईच्या खोक्यावर ती,
मल्हारगंजच्या सलूनमध्ये आरशाच्या वर ती,
ओल लागून निळ्या लुगड्याचं हिरवं झालेली.
आणि खरी केवढी,
तर घडी घातलेल्या टॉवेलाएवढी.
लोक दीड तास रांगेत उभे राहायचे, समोर यायचे, म्हणायचे,
"बस, इतनी सी?"
आणि मग बराच वेळ हलायचे नाहीत.

तिच्यासाठी समोरची भिंत मोकळी केली.
तिथे गणपुले मास्तरांचा पिंपळ असायचा:
छत्रीबाग, सकाळ, बुंध्याला टेकवलेली एक सायकल.
शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर. बक्षीस आयुष्यात एक,
तेही उत्तेजनार्थ.
पिंपळ तळघरात गेला,
खिळ्याच्या भोकात पुट्टी भरली,
भिंतीवर राखाडी रंगाचा मोठा चौकोन काढला
आणि त्याच्या मधोमध तिला टांगलं.

गुरुवारी कुमुदताई आल्या. गुरुवारी येतातच.
मास्तरांची मुलगी.
पिशवीत चष्मा, चष्म्याच्या घरात सुपारी.
त्यांच्या बाकड्यावर शाळेची पोरं बसली होती.
टोकाला जागा करून घेतली
आणि बघत राहिल्या,
बसमध्ये पुढच्या माणसाच्या डोक्याआडून
आपण रस्ता बघतो तसं.
मग म्हणाल्या,
"बिडवे, हिला जरा बाजूला व्हायला सांगा ना."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत, म्हणून थांबलो.
"कुठे ठेवलाय?"
"खाली."
"कसा?"
"भिंतीकडे तोंड करून. धूळ बसू नये म्हणून."
"म्हणजे तोही पाठमोरा."
आणि तेव्हा कुठे त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.
उठताना एवढंच बोलल्या:
"पिळा नीट पिळलेला नाही हिने. थेंब पडतोय बघा, टाचेवर."

आठ दिवस समोर बसलो होतो मी.
थेंब पाहिला नव्हता.

त्यानंतर दुसरं काही दिसेना.
यंत्र म्हणायचं बावन्न, बावन्न, त्रेपन्न,
आणि थेंब टाचेच्या वर, होता तिथेच.

संक्रांतीला वार गुरुवार नव्हता, तरी आल्या.
मला तिळगूळ दिला. एक वडी कागदात बांधून
बाकड्यावर ठेवली, तिच्या समोर.
साहेबांनी हातमोज्यांनी उचलली, विचारलं, हे काय?
नियमात बसत नाही, सर, मी म्हणालो,
आणि खाऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी ती गेली.
पेटीत पेटी, पेटीत पेटी. यंत्रही गेलं.
पिंपळ वर आला, नवा खिळा दोन बोटं उंच बसला.
राखाडी चौकोन पुसायला मंजुरी यायची आहे,
तोवर मास्तर थोरल्या भावाच्या सदऱ्यात
उभे केल्यासारखे दिसतात.

वहीची पानं पुष्कळ उरलीत.
दोन तास झाले की हात आपोआप पेनाकडे जातो.
अकरा वाजता: थंड. एक वाजता: थंड,
शेजारी कुणीतरी सेव तळतंय.

तीनला कुमुदताई.
खूप वेळ बसल्या. मग जवळ गेल्या, दोरीच्या अलीकडून वाकल्या.
"इतकी वर्षं बघतेय, बिडवे.
बाबांच्या सायकलचं मागचं चाक बसलंय की हो.
म्हणून टेकवलीय."

मी वही उघडली. लिहिलं:
तीन वाजता. हवा: मागच्या चाकात नाही.