दुसरा पाव

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
लिमोजच्या पलीकडे, जिथं रस्ता डांबर विसरायला लागतो,
तिथून माझी पावाची गाडी वर चढते.
अकरा वाड्या. प्रत्येक वाडीत तीन हॉर्न.
तिसऱ्या हॉर्नलाही जे दार उघडत नाही
त्याची मी नोंद ठेवते.
वहीत नाही. पोटात.

फिर्मँ लास्कू दोन पाव घेतो.
बायको जाऊन तिसरं वर्ष लागलं,
तरी दोन.
नाणी आधीच मोजलेली, मुठीत ऊबदार झालेली.
मी कधी विचारलं नाही.
‘एकच द्या’ म्हणायचं म्हणजे
भर रस्त्यात, माझ्यासमोर,
तिला पुन्हा एकदा पुरून यायचं.

फेब्रुवारीत गाडी बर्फात रुतली.
फावडं मागायला त्याच्या परसात गेले,
तर पडवीत, सरपण रचावं तसे
वाळून दगड झालेले पाव.
एकावर एक. टोकाला टोक जुळवून.
मी पाहिलं, ते त्यानं पाहिलं.
फावडं हातात देत म्हणाला,
“दांडा सैल आहे, जपून.”

नवरा म्हणाला, पंचायतीत कळव, त्यांच्याकडे फॉर्म असतो.
होता फॉर्म.
‘एकटेपणा : कमी, मध्यम, तीव्र. योग्य तिथे खूण करा.’
मी पेनाला टोपण लावलं.

ओढ्याखाली जिस्लेन पेरिशाँ राहते.
खुबा मोडल्यापासून तिला हॉर्न ऐकू येतो
आणि रस्ता गाठता येत नाही.
मी फिर्मँला म्हटलं, माझा गुडघा धरलाय,
तेवढा तिचा पाव खाली नेऊन देता?
(गुडघा ठणठणीत आहे. देवा, माफ कर.)
“त्या बाईनं माझ्या बापाचं अक्रोडाचं झाड तोडलं.”
“कधी?”
“एकाहत्तर साली.”
पाव मात्र काखेत मारला.

पहिले काही दिवस फाटकाला अडकवून यायचा, हाक न मारता.
मग एका शनिवारी, माझ्याकडे न बघता :
“ती म्हणते, तुमचा पाव करपलेला असतो.”
म्हणजे बोलणं झालं होतं.
मैत्री म्हणू नका. अजून भांडतात,
तेच झाड रोज नव्यानं तोडतात,
आणि भांडण अर्ध्यावर ठेवून तो उठतो,
म्हणजे उद्या जावंच लागतं.

मे महिन्यात मी सवयीनं तीन पाव काढले.
“दोन,” तो म्हणाला. “एक तिचा.”
मी उगाचच सुटे पैसे शोधत राहिले.

हे सांगताना माझी मान ताठ होते,
म्हणून दुसरंही सांगते.
आठव्या वाडीत नोएमी होती.
कडेवर बाळ, तोंडभर हसू,
दर फेरीला दहा मिनिटं बोलायची माझ्याशी,
हवेचं, बाळाच्या दाताचं, कशाचंही.
इंजिन चालूच असायचं माझं, एक पाय क्लचवर.
वाटायचं, बोलकी आहे पोरगी.
म्हाताऱ्यांची बंद दारं मोजता मोजता
ते सताड उघडं दार मला वाचता आलं नाही.
ऑक्टोबरात कुलूप दिसलं.
कुठं गेली, कुणालाच माहीत नाही.
कुणालाच, म्हणजे मलाही.

आता मी इंजिन बंद करते.
प्रत्येक वाडीत.
पाव गार होतात.
होऊ देत.