चार वाजताची सावली

सातपूरच्या पंपहाउसची भिंत, चाळीस बाय दहा.
खालचे दोन फूट पिचकाऱ्यांचे,
वरचे आठ निवडणुकांचे.
आधी खरवडायची, मग प्रायमर.
मी बोर्ड पेंटर. फ्लेक्स आल्यापासून हात रिकामे,
म्हणून मे महिन्यापुरता मला मार्गदर्शक केलंय.
हाताखाली सात पोरं, चौदा-पंधराची.
सकाळी सात ते साडेदहा, ऊन चढायच्या आत,
रोज दीडशे, शनिवारी हिशोब.

वॉर्ड ऑफिसातनं कागद आला होता:
द्राक्षांचा घड, नदीचा घाट, एक स्वच्छ कुटुंब.
पोरांनी तो वाचला
आणि त्याला ब्रश पुसले.

पहिले दोन दिवस भाग्येश पगारेला
आडनावावरनं चिडवण्यातच गेले.
अल्फिया मात्र बोलेना.
तिसऱ्या दिवशी म्हणाली,
"काका, इथला कडुनिंब तोडला ना मागच्या साली,
त्याची सावली चार वाजता कुठपर्यंत यायची?"

मला काय ठाऊक.
मी आयुष्यभर अक्षरांना सावल्या दिल्या,
उजवीकडे, खाली, पाव इंच, काळ्या.
झाडाला कधी पट्टी लावली नाही.

मग पोरं खडू घेऊन गल्लीत फिरली.
इस्त्रीवाला म्हणाला, मीटरच्या पेटीपर्यंत,
माझं टेबल तिथंच असायचं.
रात्रपाळीचे निकम झोपेतनं उठून आले, लुंगीवरच,
म्हणाले, छे, पार नळाच्या पुढे.
गंगुर्डे मावशींनी भिंतीकडे पाहिलंच नाही,
खाली बोट दाखवलं:
"हितं. हितं मी पाट्या लावायची."
जितकी माणसं तितक्या खुणा, एक एकीला जुळेना.
मी म्हटलं, मधली धरा.
अल्फिया म्हणाली, सगळ्या धरू.

म्हणून ती अशी वेडीवाकडी,
एकीकडे मीटरच्या पेटीवर चढलेली,
दुसरीकडे नळ ओलांडून गेलेली.
खोड नाही, झाडच नाही. नुसती सावली.
मी काळा डबा उघडला तर पोरगी म्हणाली,
"काळी नसते ओ."
मी स्वतःच्या पायाखाली बघितलं.
जांभळट होती. कडेला जरा निळी.
बत्तीस वर्षं धंदा केला मी.

साहेब गाडीतनं उतरले. बराच वेळ बघत राहिले.
"द्राक्षं कुठायत?"
कोणी काही बोलेना.
भाग्येश गेला आणि खाली कोपऱ्यात
एक द्राक्ष काढून आला.
एकच. हिरवं.
साहेबांनी सही केली.

शनिवारी पैसे वाटले.
पगारेचा पहिला पगार. त्यावरही हसून झालं.
त्यानं नोटा दोनदा मोजल्या,
तिसऱ्यांदा नाकाला लावल्या:
टर्पेंटाइन.

आता रोज चारला
गंगुर्डे मावशी पाट्या घेऊन येतात
आणि भिंतीला टेकून बसतात.
भिंत तव्यासारखी तापलेली.
मी म्हटलं, मावशी, रंगाची आहे ती.
"म्हाईत आहे की," म्हणाल्या,
आणि कोथिंबिरीवर पाणी शिंपडलं.