उघाडी

तळघराला खिडकी नाही.
वर दोहा उन्हाने पांढरं पडलेलं,
खाली अठरा अंशांवर मी शाल पांघरून
कुणाच्या तरी झडपेची कड
माउसने गिरवत असते.

एका ठोक्याची अठ्ठावीस चित्रं.
दाणेदार, राखाडी;
धुळीचा वारा सुटल्यावर
रस्त्यापलीकडची माणसं दिसावीत तशी त्यात दोन दलं.
आहेत असं म्हणायचं, आणि मग शोधायचं.
भोवतीचं कडं सपाट नसतं, खोगिरासारखं वाकलेलं.
त्यावर मी ठिपके ठेवते,
ठिपक्यांचे त्रिकोण होतात, त्रिकोणांचं कापड,
आणि कापडाला सांगावं लागतं
किती ताणायचं.

दोऱ्या मात्र दिसत नाहीत.
दलांना खालून धरून ठेवणाऱ्या, सुतळीहून बारीक.
ध्वनी त्यांना ओलांडून जातो.
त्या मी अंदाजाने ओवते, ही इथे, ही जरा तिथे,
आणि अहवालात त्यांच्यापुढे लिहिते: गृहीत.

रुग्ण क्रमांक एकतीस.
कमालुद्दीन बुरोंडकर, वय एकसष्ट, मुक्काम अल वक्रा,
समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात
तेवीस वर्षं पंपांवर.
त्यांची झडप गळते.
माझी गळत नाही.
संगणक रात्रभर दाब देतो, एकशे वीस, एकशे चाळीस,
आणि सकाळी पडद्यावर दलं
चुगली न करणाऱ्या ओठांसारखी घट्ट.
मी दोऱ्या सैल केल्या. दलं पातळ केली
(म्हणजे एक आकडा बदलला).
गळली थोडी, तीही भलत्याच कोपऱ्यातून.

गुरुवारी ते पुन्हा आले, चित्रं नव्याने काढायला.
डॉक्टर मल्याळी, यंत्रावर फिलिपिनो मुलगी;
माझं मराठी नाव बिल्ल्यावर वाचून
त्यांनी कुशीवरूनच विचारलं, कुठच्या तुम्ही?
जतची, म्हटलं.
मग तुम्हाला उघाडी ठाऊक नसणार.

"आमची शेती खाजणात, दाभोळच्या खाडीला लागून.
बांधात लाकडी झापड असते, ती उघाडी.
ओहोटीला शेतातलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं,
भरतीला खाडीच तिला दाबून बंद करते.
माणूस नको, वीज नको.
एका साली गळायला लागली. सगळं भात खारवलं.
बाबांनी फळी बदलली. गळली.
सागाची जाड घातली, तरी गळली.
मग वरच्या वाडीचा सुतार आला.
त्याने फळीला हातसुद्धा लावला नाही.
चौकट फाकली होती, बाई.
दर भरतीला सुतासुताने."

मग खोकले, आणि पडद्याकडे बघून:
"ही हलतेय ती माझीच का?
आवाज तेवढा बंद ठेवा.
पंप पुष्कळ ऐकलेत."

चौकट.
कडं मी पहिल्या चित्रात होतं तिथेच
खिळवून ठेवलं होतं.
सोयीसाठी. तसं केलं की गणित लवकर सुटतं.

रात्री खिळे काढले.
कड्याला हलू दिलं, फाकू दिलं,
कागदी कपातला करक चहा निवून वर साय धरली.
फज्रची बांग तळघरात पोचत नाही,
घड्याळावरून कळते;
त्या सुमाराला दोन दलं एकमेकांकडे आली,
आली,
आणि मधोमध राहिली
नखाच्या कोरेएवढी फट.
चित्रात होती तिथेच. तेवढीच.

हेही लिहायला हवं:
एका माणसाची गळती अचूक सापडली तेव्हा
मी उठून टाळी वाजवली,
एकटीने.
त्यांचं पत्रक समोर होतं, तातडीच्या संपर्काला
खेड तालुक्यातला एक नंबर.

सर्जनना कळवलं: दलं ठीक, कडं सैल.
आतून बांगडी बसवायची, अठ्ठावीस की तीस,
ते छाती उघडल्यावर ठरवतील.
दोऱ्यांपुढचा 'गृहीत' मी तसाच ठेवला.
शेवटी संदर्भांची यादी असते, नऊ नावं,
सगळी छापील.
सुताराचं नाव
विचारायचं राहून गेलं.