तापमानाची वही

तीन खोल्यांचं घर, समुद्राकडे पाठ करून बसलेलं.
फाटकावर पाटी: मुक्काम आणि न्याहारी.
वर वेल्शमध्ये तेच, जरा ठसठशीत.
गळ्यात कौन्सिलचं ओळखपत्र घालून मी दार वाजवलं.
एलुनेद प्रिचर्ड. वय एकोणऐंशी, हात कोपरापर्यंत पिठाचे.
"तू ग्वेनाची ना? नाकावरून ओळखलं."
म्हटलं, आज मी अन्नसुरक्षेची.

फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवला. नऊ अंश.
पाचच्या आत हवा.
"माझ्या धाकट्याच्या वयाचा आहे तो," ती म्हणाली,
आणि फ्रिजला थोपटलं, म्हशीला थोपटावं तसं.
वरच्या कप्प्यात कच्चं बेकन, खाली उघडं लोणी.
अंडी शेजारच्या गेथिनकडची, शिक्का नसलेली,
एकाला अजून पीस चिकटलेलं.
हात धुवायला वेगळं बेसिन नाही.
"ह्याच सिंकमध्ये दोन पोरं न्हाऊ घातलीत मी."
मी लिहिलं: हात धुण्याची सोय, नाही.
पोरांसाठी रकाना नव्हता.

टेबलाखाली वेताच्या टोपलीत मोट.
मेंढ्या राखून निवृत्त, दोन्ही कानांनी ठार बहिरा,
माझ्या बुटांचा वास घेऊन पुन्हा झोपला.
"पाहुण्यांचं रांधताना ह्याला इथे राहता येणार नाही."
"मग जाईल कुठे?"
हे नियमात नसतं.
नियमात फक्त कुठे जायचं नाही ते असतं.

मी तिला सांगितलं नाही
की बारा वर्षांपूर्वी, किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका गावात,
अशाच एका मायाळू बाईच्या टेबलावर
सात वर्षांची एक मुलगी पोटभर जेवली.
नंतर इस्पितळात तिच्या बापाने
पाकिटातून बिल काढून मला दाखवलं होतं,
घडी घालून घालून मऊ झालेलं:
दोन मोठ्या थाळ्या, एक लहान.
ती बाई अजून मला नाताळचं कार्ड पाठवते.
मी काय लिहू तिला उलट?

पाचपैकी दोन दिले.
हिरवा-काळा स्टिकर दारावर लावणं सक्तीचं.
एलुनेदने तो फूटपट्टी धरून सरळ लावला.
चहा विचारला. मी नको म्हटलं, तोही नियमच.
मग वळणावर गाडी थांबवून
सकाळपासून डिकीत पडलेलं सँडविच खाल्लं,
ज्याचं तापमान देवाला ठाऊक.

जाताना तिला एक वही दिली होती.
तारीख, अंश, केलेली दुरुस्ती. तीन रकाने.
रोज भरायची, पाहुणे असोत नसोत.

सात महिन्यांनी फेरतपासणी.
नवा फ्रिज, गुणगुणणारा. बेसिन, साबण, कागदी रुमाल.
बेकन खालच्या कप्प्यात, झाकून.
मी वही उघडली.

*३ नोव्हेंबर. ४ अंश. दुरुस्ती: नाही. वारा ईशान्येचा.*
*२१ नोव्हेंबर. ४ अंश. लीड्सचं जोडपं. त्याने मीठ मागून घेतलं.*
*२५ डिसेंबर. ३ अंश. ओवेनचा फोन, कॅनडाहून. आवाज तुटत होता.*
*९ जानेवारी. ७ अंश. वीज गेली होती. दूध फेकलं. वाईट वाटलं.*
*१० जानेवारी. ४ अंश. कोणी नाही.*
*११ जानेवारी. ४ अंश. कोणी नाही.*
*१९ फेब्रुवारी. ४ अंश. मोट गेला.
दुरुस्ती: टोपली धुतली. उन्हात ठेवली. ऊन नव्हतं.*

प्रत्येक पानाखाली तपासणाऱ्याची सही लागते.
मी करत गेले. त्या पानावर पेन चालेना,
दोनदा झटकलं.

"पाच," मी म्हटलं.
तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.
"कुत्रा नाही म्हणून?"
"फ्रिज चांगला आहे म्हणून."
"हं," ती म्हणाली, आणि फूटपट्टी शोधायला आत गेली.
जुना स्टिकर निघेना, कडेने फाटत राहिला.
मग दोघी मिळून तो नखांनी खरवडत बसलो
आणि ह्या वेळी तिने चहा ओतला तेव्हा
मी घड्याळात पाहिलं. साडेपाच.
कामाची वेळ संपली होती.